ऑक्सिजनचे मास्क खाली आले त्या फ्लाइटचा रिव्ह्यू: क्रूला ५ पैकी ५, उतरल्यावरच्या सर्व्हिसला २

आमच्याच फ्लाइटमधल्या काही जणांनी सरळ एक स्टार देऊन टाकलाय. तक्रारी काय तर एअर होस्टेस आधी स्वतः मास्क लावून बसल्या, पायलट बराच वेळ काही बोललाच नाही आणि मास्क खराब होते. मीही त्याच विमानात होतो आणि मला यातलं एकही पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

झालं असं की विमान वर नीट चाललेलं असताना कानाला दडे बसायला लागले, परत परत आवंढा गिळावा लागत होता, आणि थोड्या वेळाने धाडकन सगळीकडे पिवळे मास्क लोंबायला लागले. विमान कितीही वर असलं तरी आतली हवा फार तर ८००० फुटांवर असते तेवढीच विरळ होऊ देतात, आणि ती साधारण १४००० फुटांच्या हवेइतकी विरळ झाली की मास्क आपोआप सुटतात. आमच्या रांगेपाशी ट्रॉली घेऊन उभी असलेली एअर होस्टेस होती तिने पायाने ट्रॉलीचा ब्रेक दाबला, शेजारच्या रिकाम्या सीटवर बसली, मास्क ओढून लावला, बेल्ट लावला आणि मग तिथूनच हाताने खुणा करून "ओढा, ओढा, नाकातोंडावर धरा" सुरू केलं. हे सगळं मी देवाचं नाव घेईपर्यंत झालं होतं! याला लोक स्वार्थीपणा म्हणतात? अहो ३५००० फुटांवर हवा एकदम गेली तर माणसाचं डोकं जेमतेम अर्धा ते एक मिनिट नीट चालतं, आणि हवा हळू जातेय की झपाट्याने हे त्या क्षणी केबिनमध्ये कोणालाच माहीत नसतं, मग तीच बेशुद्ध पडली तर बाकीच्यांना कोण बघणार?

पायलट गप्प का होता तर त्याला आधी स्वतःचा मास्क चढवायचा असतो, मग विमान १०००० फुटांपर्यंत खाली आणायचं, जमिनीवरच्या ट्रॅफिक कंट्रोलला कळवायचं, चेकलिस्ट करायची. खाली येताना पोटात गोळा आला हे खरं, पण आम्ही पडत नव्हतो, मुद्दाम उतरवत होते. २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलिओस एअरवेजचं सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं विमान कोसळलं, त्यात केबिनमधल्या हवेच्या प्रेशरचा स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर राहिला होता, धोक्याचा भोंगा वाजला तो पायलटांना दुसऱ्याच कशाचा तरी वाटला, विमान चढतच राहिलं आणि दोघंही बेशुद्ध झाले. १२१ जण होते, कोणीच वाचलं नाही. त्यामुळे पायलटने आधी मास्क लावून विमान खाली घेतलं आणि घोषणा नंतर केली यासाठी मी त्याला एक नाही दहा स्टार द्यायला तयार आहे.

आता "खराब मास्क". मास्कला लावलेली पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, पण तो सुरू व्हायला मास्क जोरात ओढावा लागतो. माझ्या पुढचे काका पिशवी दाबून दाबून बघत होते आणि मास्क तोंडावर नव्हताच, त्या एअर होस्टेसने बसल्या जागेवरून ओरडून त्यांना तो लावायला लावला. जळका वास आला म्हणून पण आरडाओरडा झाला. तो ऑक्सिजन बहुतेक विमानांत रसायनांपासून तयार होतो, डबा चांगलाच तापतो म्हणून वास येतो. साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, खाली यायला तेवढा वेळ भरपूर होतो. माझी एकच मागणी आहे, वासाचं हे सेफ्टी डेमोमध्ये एका वाक्यात सांगा ना, लोक आग लागली म्हणून उठून पळतील एखाद दिवशी.

खाली आल्यावर क्रू छोटे सिलेंडर खांद्याला लावून प्रत्येक रांगेत फिरला, टॉयलेटची दारं वाजवून आत कोणी अडकलंय का पाहिलं (तिथे पण मास्क असतात), कडेवरच्या बाळाला एक्स्ट्रा मास्क लागलाय ना ते बघितलं. आवाज कोणाचाच चढला नाही.

दोन स्टार मात्र जमिनीवरच्यांना. कान दुखून रडणाऱ्या पोरांना बघायला डॉक्टर फार उशिरा आला, पुढच्या फ्लाइटचं काय ते काउंटरवर कोणी धड सांगेना, आणि लोकांचा सगळा राग निघाला तो दारात उभ्या असलेल्या त्याच क्रूवर. एअरलाइनवाल्यांनी हा रिव्ह्यू वाचला तर त्या चौघी एअर होस्टेसपर्यंत आणि दोन्ही पायलटपर्यंत नक्की पोचवा.