तिकिटावर व्हेनिसचे नाव होते, म्हणून आम्ही पुढचे वाचले नाही

गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयतां इटलीतील व्हेरोनाहून व्हेनिसला आगगाडीने निघालो असताना व्हेरोनाच्या स्थानकावरच एका माणसाने आम्हाला फसवले. त्यात आमचे सव्वातीनशे युरोंच्या आसपास, म्हणजे तीस हजार रुपयांहून अधिक गेले. मुलांच्या भेटीसाठी युरोपात जाणारी आणि एखादा छोटा प्रवास स्वतःच्या हिमतीवर करू पाहणारी आमच्या वयाची पुष्कळ मंडळी आता आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

आमचा मुलगा म्युनिकला असतो. तेथून ब्रेनर खिंडीतून आल्प्स ओलांडून व्हेरोनाला येणाऱ्या गाडीची तिकिटे त्याने मोबाइलवर काढून दिली होती आणि तो प्रवास अगदी सुखाचा झाला. व्हेरोनात किती दिवस राहायचे हे ठरलेले नसल्याने पुढचे तिकीट मात्र स्थानकावरच काढायचे, असे आम्ही ठरवले होते. व्हेरोना ते व्हेनिस हे अंतर वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आतले आहे; साध्या प्रादेशिक गाडीने थोडा जास्त वेळ लागतो, पण भाडे बरेच कमी पडते. एवढी माहिती आम्हाला होती.

तिकीट खिडकीपुढे मोठी रांग होती, म्हणून आम्ही स्वयंचलित यंत्राकडे वळलो. यंत्राला हात लावतो न लावतो तोच स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी अडकवलेला एक तिशीतला माणूस जवळ आला. तो रेल्वेचा कर्मचारी आहे असेच आम्हाला वाटले. मी तसा आहे, असे तो स्वतः मात्र एकदाही म्हणाला नाही. त्याने भराभर बटणे दाबून आम्हाला पुढची वेगवान गाडी आणि दोघांचे भाडे पडद्यावर दाखवले. रक्कम साठ युरोंच्या जवळपास होती आणि ती खरी होती, हे येथे मुद्दाम सांगते. ह्यांनी कार्ड पुढे केले तेव्हा, हे यंत्र परदेशी कार्ड घेत नाही, रोख द्या, असे तो म्हणाला. ह्यांनी साठ युरो त्याच्या हातावर ठेवले. तो आमच्या आणि पडद्याच्या मध्ये उभा राहिला, पुन्हा काही बटणे दाबली, यंत्रात काहीतरी टाकल्याचा आवाज आला आणि तिकीट बाहेर पडले. गाडीला चारच मिनिटे उरली आहेत असे सांगून त्याने आमची मोठी बॅग स्वतः उचलली आणि फलाटापर्यंत आणून दिली.

ह्यांनी त्याला दोन युरो देऊ केले, पण ते त्याने घेतले नाहीत. आमचा उरलासुरला संशय तेथेच संपला. यंत्रापाशी मदत करून बक्षिसीसाठी अडून बसणाऱ्यांविषयी मुलाने आम्हाला बजावले होते आणि आम्ही फक्त तेवढ्यासाठीच सावध होतो. पैसे नाकारणारा माणूस फसवत असेल, हे मनात येणे शक्यच नव्हते.

व्हिचेंझा मागे पडल्यावर तिकीट तपासनीस बाई आल्या. त्यांनी तिकीट हातात घेतले, आमच्याकडे पाहिले आणि तिकिटावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवून सावकाश इंग्रजीत समजावून सांगितले. ते तिकीट 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' ते 'व्हेनेत्सिया सांता लुचिया' ह्या प्रवासाचे होते. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे स्थानक आणि सांता लुचिया हे प्रत्यक्ष कालव्यांच्या शहरातले. दोन्हींच्या नावात व्हेनिस आहे आणि दोन्हींमध्ये दहा-बारा मिनिटांचे अंतर आहे. एका माणसाचे भाडे साधारण दीड युरो. आम्ही तिकिटावर व्हेनिसचे नाव आणि दोन प्रवासी एवढेच पाहिले होते. आरंभस्थानकाच्या जागी व्हेरोना नाही, डब्याचा क्रमांक नाही, आसनांचे क्रमांक नाहीत, आणि खालच्या कोपऱ्यात छापलेली रक्कम तीन युरोंच्या घरातली आहे, हे सगळे त्याच कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. तेथील वेगवान गाड्यांत आरक्षित आसनाशिवाय प्रवासच करता येत नाही. आसन क्रमांक नसलेले तिकीट हातात आले तेव्हाच आम्ही थांबायला हवे होते.

बाईंचा आमच्यावर विश्वास बसला असावा, कारण त्यांचा स्वर शेवटपर्यंत मऊ होता. परंतु वैध तिकीट नसलेल्या प्रवाशाला त्या तसेच सोडू शकत नव्हत्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही सोडले नसते. भाडे आणि दंड मिळून दोनशे साठ युरो भरावे लागले. जागेवर भरल्यामुळे दंड कमी बसला, असे त्यांनी सांगितले. जे कार्ड यंत्राला चालत नाही असे आम्हाला सांगण्यात आले होते, तेच कार्ड त्यांच्या हातातल्या यंत्राने लगेच घेतले.

मेस्त्रे सोडल्यावर गाडी खारकच्छावरच्या पुलावर येते. १८४६ साली खुला झालेला हा २२२ कमानींचा रेल्वेपूल येण्यापूर्वी व्हेनिसला फक्त होडीनेच जाता येत असे. दोन्ही बाजूंना पाणी आणि समोर हळूहळू वर येणारे घंटामनोरे पाहता यावेत म्हणून आम्ही मुद्दाम दिवसाची गाडी धरली होती. ह्यांची पस्तीस वर्षे बँकेत रोखपाल म्हणून गेली, आणि पूल सरेपर्यंत ते हातातल्या पावतीकडेच पाहत राहिले. पैशांपेक्षा मला ह्याचे दुःख अधिक आहे.

सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की थेट समोर ग्रँड कॅनाल येतो. तेथेही एकजण, स्काल्झी पुलावरून सामान पलीकडे नेऊन देतो म्हणत, बॅगेला हात घालू लागला. आम्ही स्पष्ट नकार दिला आणि खिडकीवरून साडेनऊ युरोंची दोन तिकिटे घेऊन प्रवासी बोटीने मुक्कामी गेलो.

दुसऱ्या दिवशी रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवली. यंत्रापाशी उभे राहून प्रवाशांकडून हातात रोकड घेणारा माणूस रेल्वेचा नसतोच, असे तेथील अधिकाऱ्याने सांगितले. यंत्राच्या पहिल्याच पडद्यावर इंग्रजी निवडता येते. कार्ड चालते की नाही, हेही यंत्र स्वतःच सांगते. हेच आम्ही परतीच्या वेळी स्वतः करून पाहिले आणि तीन मिनिटांत, कोणाच्याही मदतीशिवाय, डबा आणि आसनांचे क्रमांक छापलेले तिकीट हातात आले. तक्रारीची इटालियन प्रत प्रवास विम्याच्या कंपनीकडे पाठवली. स्वतःच्या हाताने दिलेली रोकड आणि दंड ह्यांची भरपाई मिळत नाही, असे उत्तर पंधरा दिवसांनी आले.