लफ्रॉयग १०: एका औषधवाल्याचं मत

बूच उघडलं आणि आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, "कुणाला लागलंय का हो?"

तिचं काही चुकलं नाही. मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे, एकतीस वर्षं मी त्या काउंटरवर उभा आहे, आणि लफ्रॉयगचा पहिला वास म्हणजे कुणीतरी गॉजवर टिंक्चर आयोडीन सांडलंय असाच. भाच्याने लंडनहून येताना ड्यूटी फ्रीमधून व्हिस्कीची ही हिरवी बाटली आणली. "मामा, एकतर आवडेल नाहीतर मला शिव्या घालाल," म्हणाला. दोन्ही झालं. आधी शिव्या.

ही स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरची. स्पेलिंग बघून आपण त्याला 'इस्ले' म्हणतो, पण खरा उच्चार 'आयला'. मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही, पहिल्या घोटाला आपोआप तोंडातून निघतो. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एकाच रस्त्याला लफ्रॉयग, लागावुलिन आणि आर्डबेग अशा तीन भट्ट्या आहेत. धुराची आवड असलेल्यांची ही पंढरीच.

धूर येतो कुठून? लोकांना वाटतं पिंप जाळतात म्हणून. तसं नाही. तिथे झाडं कमी आणि दलदल भरपूर. हजारो वर्षं पाण्याखाली दबलेलं शेवाळ, गवत, झुडपं यांचा जो काळा थर होतो तो पीट. विटांसारखा कापायचा, गोवऱ्यांसारखा वाळवायचा आणि सरपण म्हणून जाळायचा. बार्लीला आपण मटकीला आणतो तसे मोड आणतात आणि ती ओलसर असतानाच खालून पीटचा धूर देतात. ओल्या दाण्याला धूर पक्का धरतो. पुढे दळण, आंबवण, दोनदा ऊर्ध्वपातन आणि बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) जुन्या पिंपात दहा वर्षं, एवढं होऊनही तो सुटत नाही. लफ्रॉयग आजही काही बार्ली स्वतःच्या फरशीवर पसरून, फावड्याने परतून तयार करते, बाकीची बाहेरून येते.

माझ्या नाकाने आयोडीन सांगितलं, पण दुकानदार म्हणून खुलासा करतो: हा वास मुख्यतः फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल या मंडळींचा. क्रेसॉल म्हणजे दवाखान्याची फरशी पुसायच्या जंतुनाशकातलं. आणि खोकल्याच्या सिरपात जे ग्वायफेनेसिन असतं ते ग्वायाकॉलपासूनच बनतं. म्हणजे मी दिवसभर विकतो तेच संध्याकाळी पेल्यात. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लफ्रॉयग तिथे औषध म्हणून जात असे. वास घेतल्यावर ही कोणी मजेसाठी पीत असेल यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसला नाही म्हणे. हसू नका. आपल्याकडेही १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिण्याचा परवाना मिळतो तो प्रकृतीसाठीच.

आता चवीचं. पहिल्या दिवशी मी सवयीने बर्फ आणि सोडा घातला. वाया गेली. बर्फाने गोडवा दबतो, सोड्याने फिनाईल वर येतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक स्वच्छ ड्रॉपर आणला, छोट्या गोल पेल्यात तीस मिली ओतली आणि वीस मिनिटं नुसती ठेवून दिली. इथून खरी गंमत. आयोडीन मागे सरतं. मग येते पावसात भिजलेल्या चुलीची राख, मग हर्णैच्या बंदरावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा खारा वास, आणि अगदी तळाशी बासुंदीच्या पातेल्याच्या कडेला धरलेली खरपुडी. ही शेवटची बर्बनच्या पिंपाची देणगी, आणि तीच या व्हिस्कीला वाचवते. ती नसती तर ही बाटली मी दुकानातच ठेवली असती, मलमपट्टीच्या कप्प्यात.

जिभेवर आधी गोड, लगेच मीठ आणि मिऱ्याचा चटका. घोट गिळल्यावर धूर परत वर येतो आणि बराच वेळ जात नाही. आमच्याकडे पौषात हुरड्याची आगटी पेटते, घरी आल्यावर शर्टाला जो वास राहतो, तो. ड्रॉपरने आठ-दहा थेंब पाणी घातल्यावर गोडवा फुलतो. चमचाभर घातलं की सगळा डोलारा बसतो.

माझी तक्रार इथेच आहे. माझ्या बाटलीवर अल्कोहोल ४० टक्के लिहिलंय. एवढ्या दणकट वासाच्या मागे एवढं सडपातळ अंग शोभत नाही. नाकाला पैलवान आल्यासारखं वाटतं आणि जिभेवर उतरतो त्याचा धाकटा भाऊ. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन बोल्ड माझ्याकडे आधीपासून होती, म्हणून दोन पेले शेजारी ठेवून बघितले. तिचा पीटही आयलाचाच, पण ती ४६ टक्के. तिच्यात दवाखाना जवळजवळ नाही. मध आहे, गूळ आहे, धूर शहाण्यासारखा मागे बसून राहतो. तोंडात भरते तीच. वासाची करामत मात्र लफ्रॉयगची, तिथे बोल्डला तिची सर नाही. पहिल्यांदाच धुराच्या वाटेला जाणाऱ्याने बोल्डपासून सुरुवात करावी असं मी सांगेन.

सोबतीला फरसाण नको, मसाला सगळं मारून टाकतो. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील सगळ्यात भारी. तो नसेल तर खारे शेंगदाणे.

बारमध्ये मागवणार असाल तर एक ऐका. मागे पुण्यात एका ठिकाणी मी पीटेड व्हिस्की मागवली. वेटरने पेग आणला, ठेवताना स्वतःच वास घेतला आणि "सॉरी सर, ही खराब झालीय वाटतं" म्हणून परत घेऊन निघाला. हात धरून थांबवावा लागला.

फुकट मिळाली म्हणून मी खूश आहे. इथल्या दुकानातली किंमत देऊन घेईन का? ४० टक्केवाली, नाही. बाटली आता अर्ध्याच्या खाली गेलीय, तीन आठवड्यांपूर्वीपेक्षा वास मऊ झालाय, आणि बायको ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवू देत नाही. भाच्याला निरोप गेलाय: पुढच्या खेपेला हीच, पण कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून काढल्यावर पाणी घालून पातळ न केलेली.