वरिष्ठानेच कोच व्हावे की बाहेरचा कोच नेमावा?

टीममधल्या एखाद्याला कोचिंगची गरज आहे, इथवर सर्वांचे एकमत चटकन होते. अडते ते पुढे. हे काम त्याच्या थेट वरिष्ठाकडे सोपवायचे की बाहेरचा व्यावसायिक कोच आणायचा? हा निर्णय बरेचदा बजेट पाहून घेतला जातो: पैसे असतील तर बाहेरचा, नसतील तर वरिष्ठ. मला हा निकष अपुरा वाटतो. या दोघांमध्ये मुख्य फरक दोन गोष्टींचा आहे. काम चालू असताना ते प्रत्यक्ष कोण पाहतो, आणि वर्षअखेरीस अप्रेझलच्या फॉर्मवर शेरा कोण लिहितो? वरिष्ठाकडे दोन्ही गोष्टी असतात, बाहेरच्या कोचकडे यातली एकही नसते, आणि दोघांची बलस्थाने व उणिवा बव्हंशी इथूनच निघतात.

मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की आधी शिकवणीचे वर्ग डोळ्यांसमोर येतात, आणि हाच अर्थ मनात ठेवून अनेक वरिष्ठ कोचिंगला बसतात. वर्गात उत्तर शिक्षकाला ठाऊक असते आणि ते विद्यार्थ्यापर्यंत पोचवायचे असते. कामाच्या ठिकाणच्या कोचिंगचा उगम मात्र निराळ्या विचारात आहे. टेनिस प्रशिक्षक टिमोथी गॅल्वे यांनी १९७४ मध्ये असे मांडले की, सूचनांचा भडिमार झाला की खेळाडू चेंडूऐवजी स्वतःकडेच लक्ष देऊ लागतो आणि त्याचा खेळ बिघडतो. म्हणून ते खेळाडूला रॅकेट कशी धरायची हे सांगत बसण्याऐवजी, चेंडूचा टप्पा पडला की एक शब्द आणि तो रॅकेटला लागला की दुसरा शब्द मोठ्याने उच्चारायला लावत. लक्ष चेंडूवर खिळले की हात आपोआप सुधारत. हीच दृष्टी ब्रिटिश कोच जॉन व्हिटमोर यांनी व्यवस्थापनात रुजवली, आणि १९९२ मध्ये त्यांनी ज्या ‘ग्रो’ पद्धतीचा प्रसार केला, तिच्यात ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार टप्प्यांवर प्रश्नच विचारायचे असतात.

तुलना निरीक्षणापासून करू, कारण चांगल्या कोचचा हा गुण सर्वांत कमी बोलला जातो. शल्यविशारद अतुल गवांदे यांना कित्येक वर्षांच्या अनुभवानंतर आपली प्रगती थांबल्यासारखी वाटू लागली, तेव्हा त्यांनी आपल्या एका निवृत्त गुरूंना शस्त्रक्रियागृहात येऊन नुसते पाहत उभे राहण्याची विनंती केली. गवांदे यांच्या मते ती शस्त्रक्रिया छान झाली होती. गुरूंच्या वहीत मात्र बारीक अक्षरात बऱ्याच नोंदी होत्या. अधूनमधून गवांदे यांचे कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलले जात होते, म्हणजे तेवढा वेळ हातावर पूर्ण ताबा नव्हता. वरचा दिवा जखमेवरून सरकला होता आणि जवळपास अर्धा तास ते परावर्तित प्रकाशात काम करत होते, हे त्यांना स्वतःला कळलेही नव्हते. २०११ मध्ये गवांदे यांनी या अनुभवाविषयी लिहिले. यातली एकही नोंद त्यांना स्वतःच्या तोंडून सांगता आली नसती, आणि बाहेरच्या कोचची अडचण नेमकी हीच असते. त्याच्यासमोर येते ती हकिकत, काम नव्हे. माणूस सांगतो की मीटिंगमध्ये माझे कोणी ऐकत नाही. पण तो मुद्द्यावर यायला किती वेळ लावतो हे कोचला दिसत नाही. काही कोच मीटिंगला मागे बसू देण्याची अट घालतात किंवा सहकाऱ्यांशी आधी बोलून घेतात. बाहेरचा कोच निवडताना हे अवश्य विचारावे. वरिष्ठाला हे सारे आयते दिसत असते, फक्त त्याने ते पाहायला हवे. निम्मे लक्ष स्वतःच्या ईमेलवर ठेवून केलेल्या निरीक्षणातून ‘आत्मविश्वास वाढवा’ यापलीकडे काही निघत नाही.

ऐकण्याच्या बाबतीत पारडे फिरते. एका टीम लीडच्या आढावा बैठकीला मी हजर होतो. समोरची तरुणी सांगत होती की, ग्राहकाकडून बदल उशिरा येतात आणि त्यामुळे तिचा अहवाल दर वेळी लांबतो. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच टीम लीड म्हणाले, “बदल घ्यायचे बुधवारी बंद करा, विषय संपला.” सल्ला चुकीचा नव्हता. तिने तो वहीत लिहून घेतला आणि पुढच्याच महिन्यात अहवाल पुन्हा लांबला. त्यानंतरच्या भेटीत त्यांनी, काहीशा वैतागानेच, विचारले, “बुधवारनंतर बदल आला तेव्हा तुम्ही ग्राहकाला नेमके काय कळवलेत?” आणि मग ते गप्प बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “काहीच नाही. नाही म्हणण्याचा अधिकार मला आहे, असे मला कोणी सांगितलेलेच नाही.” अहवालाची अडचण वेळापत्रकात नव्हतीच. टीम लीडना ते काम स्वतःला उत्तम येत होते, आणि पहिल्या भेटीत तेच आड आले. बाहेरच्या कोचला कामातले बारकावे ठाऊक नसल्याने प्रश्न विचारण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग नसतो. त्याचे अज्ञान येथे उपयोगी पडते. वरिष्ठाला हाच संयम प्रयत्नाने अंगी बाणवावा लागतो, आणि डेडलाइन जवळ आली की तो सर्वांत आधी सुटतो.

विश्वासाच्या प्रश्नावर बाहेरचा कोच स्पष्टपणे वरचढ ठरतो. जो माणूस पगारवाढीची शिफारस करतो, त्याच्यासमोर ‘मला हे काम जमत नाही’ असे म्हणायला फार धैर्य लागते, आणि वरिष्ठ कितीही मनमिळाऊ असला तरी ही सावली पुरती हटत नाही. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकविषयीच्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सरासरी परिणाम चांगला असला तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी खालावल्याचे आढळले. बोलण्याचा रोख कामावरून सरकून माणसावर गेला की परिणाम ओसरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अप्रेझल डोक्यावर असताना तो रोख माणसाकडे सरकायला वेळ लागत नाही. वरिष्ठालाच कोच व्हायचे असेल, तर कोचिंगच्या भेटी आणि मूल्यमापनाच्या भेटी वेगळ्या दिवशी ठेवाव्यात आणि आज आपण कोणत्या भूमिकेत बसलो आहोत हे सुरुवातीलाच सांगावे. याने सावली जात नाही, थोडी आखूड होते.

बाहेरच्या कोचची गोपनीयताही गृहीत धरू नये. त्याचे मानधन कंपनी देते, आणि तिसऱ्या भेटीनंतर एचआरकडून ‘कसे काय चालले आहे?’ असा फोन येतोच. तेव्हा काय सांगायचे हे आधी ठरलेले नसेल, तर त्याच्या निःपक्षपातीपणाला फारसा अर्थ उरत नाही.

सातत्यात वरिष्ठ पुढे असतो. मंगळवारी ठरलेली गोष्ट गुरुवारी झाली की नाही हे त्याला दिसते, आणि दोन मिनिटांत त्यावर बोलताही येते. बाहेरच्या कोचची पुढची भेट दोन-तीन आठवड्यांनी असते आणि ठरलेल्या भेटी संपल्या की तो निघून जातो.

पात्रतेचे मोजमाप बाहेरच्या कोचच्या बाबतीत सोपे वाटते, पण ते फसवे आहे. कोच म्हणवून घ्यायला सहसा कोणताही परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या आयसीएफ या कोचांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रमाणपत्रे त्यातल्या त्यात प्रचलित आहेत. तिच्या पहिल्या पातळीला, म्हणजे एसीसीला, ६० तासांचे प्रशिक्षण व १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. त्यापुढच्या पीसीसीला १२५ व ५००, तर सर्वांत वरच्या एमसीसीला २०० व २५०० तास लागतात. या आकड्यांनी हौशी लोक गाळले जातात, एवढेच; तुमच्या माणसाशी कोचचे सूर जुळतील का, हे ओळखीच्या पहिल्या भेटीतच कळते. वरिष्ठांची मात्र अशी चाचणी कोणी घेत नाही, हे खटकते. गूगलने चांगल्या व्यवस्थापकांच्या वर्तनाचा अंतर्गत अभ्यास करून जी आठ गुणांची यादी काढली, तिच्यात ‘चांगला कोच असणे’ पहिल्या क्रमांकावर होते आणि तांत्रिक कौशल्य शेवटच्या. बढती देताना बहुतेक कंपन्या हा क्रम उलटा लावतात.

आता निर्णयाकडे. अडचण कामात दिसत असेल, उदाहरणार्थ प्रेझेंटेशन रेंगाळते, अंदाज चुकतात, नव्याने हाती घेतलेले काम बसत नाही, तर वरिष्ठच योग्य. मग बजेट कितीही असो. अडचण वरिष्ठाला सांगता येणारी नसेल, किंवा वरिष्ठच अडचणीचा भाग असेल, तर बाहेरचा कोच हवा. फार वरच्या पदावरच्या व्यक्तीलाही तोच हवा, कारण तिला खरे सांगणारे आसपास कोणी उरलेले नसते. मोठ्या कंपनीत दुसऱ्या विभागातला प्रशिक्षित सहकारी हा मधला पर्याय असतो. त्याला कंपनी ठाऊक असते आणि शेरा लिहिण्याचा अधिकार नसतो. एखाद्याला काढायचे आधीच ठरले असेल आणि फाइलमध्ये नोंद असावी म्हणून कोचिंग द्यायचे असेल, तर यातले काहीच करू नये. तो माणूस पहिल्याच भेटीत ते ओळखतो, आणि नंतर ज्यांना कोचिंगची खरी गरज असते तेही त्याला शिक्षा समजू लागतात.

बाहेरचा कोच ठरला, तर पहिली भेट तिघांची घ्यावी: कोच, संबंधित व्यक्ती आणि तिचा वरिष्ठ. कोणता बदल दिसायला हवा हे वरिष्ठाने संबंधित व्यक्तीच्या समोरच सांगावे, कंपनीकडे काय कळवले जाईल आणि काय नाही हे तिथेच कागदावर घ्यावे, आणि त्यानंतर वरिष्ठाने खोलीबाहेर जावे.