ओघळलेला जबडा: अल्ट्रासाउंड की रेडिओफ्रिक्वेन्सी?

चेहऱ्याची सैल त्वचा शस्त्रक्रियेविना आवळायची म्हटलं, की पणजी-मडगावकडे ही दोन नावं हमखास कानावर येतात. खरा फरक उष्णता कुठवर पोचते, यात आहे. फोकस्ड अल्ट्रासाउंड, म्हणजे एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरी, वरची त्वचा न भाजता १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीवर बारीक ठिपके तापवतं, साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत. सर्वांत खोल ठिपके फेसलिफ्टमध्ये सर्जन त्वचेखालचा जो पडदा ओढून बसवतो, तिथवर जातात. म्हणून जबड्याची रेषा सुटली असेल तर माझा कौल यालाच. मात्र ते दुखतं, विशेषतः हाडाजवळ. आणि गाल आधीच बसलेले असतील तर जपून. चरबीला उष्णता लागून ती घटली तर गाल आणखी खोल दिसतात.

रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओलहरींची ऊर्जा, त्वचेचा थर सरसकट तापवते. बारीक सुरकुत्यांना तेवढं पुरतं. पेसमेकर असलेल्यांना ती सहसा देत नाहीत.

नवं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, बनायला दोन्हीकडे दोन-तीन महिने लागतात. चवथीला फरक दिसायला हवा असेल तर मे महिन्यातच डॉक्टर गाठा, आणि गोव्याच्या उन्हात सनस्क्रीन चुकवू नका. त्वचा फारच लोंबत असेल, तर दोन्ही सोडून सर्जनचा सल्ला घ्या.