पुढची काच: शोरूमची का बाहेरची?

मावसभावाच्या गाडीच्या काचेला जालना रोडवर खडी उडून लांबलचक तडा गेलाय, आता कंपनीची टाकू का बाहेरची म्हणून अडकलाय बिचारा. पैशाचं बघा आधी. बाहेर स्वस्त पडतं हे खरंच, पण फुल इन्शुरन्स असंल तर काचेवर घसारा (जुनेपणाची वजावट) कापत नाहीत, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला साधारण १००० रुपये आपले अन् बाकी इन्शुरन्सवाले भरतात, फक्त नो क्लेम बोनसचा (क्लेम न घेतल्यावर हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा) हिशोब आधी घाला. शोरूम असू द्या का बाहेर, काच लॅमिनेटेडच (मधी प्लास्टिकचा थर असलेली) घ्या, कोपऱ्यात आयएसआय मार्क बघूनच. हलकी काच कडंनं तिरकी बघितली की रस्ता लहरल्यासारखा दिसतो, रात्री ऊसाच्या ट्रॉलीमागं हे लई धोक्याचं.

टिकणं मात्र चिकटवण्यावर हाय. पीयूच (पॉलियुरेथेनचा चिकट मसाला) पाहिजे, साधं सिलिकॉन मारू देऊ नका, अन् ते धरेपर्यंत गाडी हलवायची नाही, कितीबी घाई असू द्या, कारण बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग याच काचेच्या आधारानं फुगते.

आरशामागं कॅमेरा असंल तर शोरूमच, कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे कॅमेरा परत नेमका जुळवावा लागतो. जुनी गाडी अन् नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स (आपल्या गाडीचं नुकसान न भरणारा) असंल तर पीयू वापरणारा ओळखीचा काचवाला बेस्ट.