सोनी पीव्हीएम-२०एल५: सात-आठ महिने वापरून झाल्यावर

जुन्या व्हीएचएस, मिनीडीव्ही टेप्स आणि तीन जुने गेम कन्सोल, एवढ्यासाठी घेतला स्टुडिओत वापरायचा हा जुना पिक्चर ट्यूबवाला (सीआरटी) मॉनिटर. फ्लॅट टीव्हीवर टेप लावली की माणूस हलला रे हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा यायच्या, कारण टेपवरचं चित्र इंटरलेस्ड असतं, आधी एक सोडून एक अशा अर्ध्या ओळी येतात मग उरलेल्या अर्ध्या, आणि फ्लॅट टीव्हीला त्या जोडून वर ताणाव्या लागतात. सीआरटी काही जोडत बसत नाही, ओळी येतील तशा काढतो. पहिली टेप लावली तेव्हा खरंच गप्प बसून बघत राहिलो.

एनटीएससी, पाल, सेकॅम, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या जुन्या टीव्ही सिग्नलच्या पद्धती, काहीही द्या, स्वतःच ओळखतो. पण याची खरी गंमत वेगळी आहे, या सीरिजमधले बरेचसे मॉनिटर १५ किलोहर्ट्झलाच (सेकंदाला साधारण १५ हजार ओळी काढण्याचा साध्या टीव्हीचा वेग) थांबतात आणि हा ४८०पी, ५७६पी, ७२०पी, १०८०आय पण घेतो (आकडा ओळींचा, पी म्हणजे सगळ्या ओळी एकदम, आय म्हणजे इंटरलेस्ड). ट्यूब ४:३ आहे त्यामुळे एचडी लावलं की वर-खाली काळे पट्टे येतात, नुसत्या एचडीसाठी मी हा घेणार नाही. ४८०पी मात्र अप्रतिम, गेमक्यूब किंवा पीएस२ कॉम्पोनंटने (चित्र तीन वेगळ्या तारांतून नेणारी केबल) जोडून बघा. आणि १५ किलोहर्ट्झची ती बारीक शिट्टी ज्यांना ऐकू येते त्यांना ४८०पी वर एकदम शांत वाटेल, तिथे स्कॅन ३१ किलोहर्ट्झच्या वर जातो, कानाच्या पलीकडे.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या खूप गेम्समध्ये धबधबा, सावली वगैरे उभ्या पट्ट्या पट्ट्यांनी काढलेली असते, कॉम्पोझिटवर (सगळं चित्र एकाच तारेतून) त्या पट्ट्या एकमेकांत मिसळून आरपार दिसल्यासारखं वाटतं आणि आरजीबीवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून) प्रत्येक पट्टी सुटी दिसते. मी दोन्ही केबल लावून ठेवल्यात, समोरच्या बटणाने इनपुट बदलतो, आणि मला तर धबधबा कॉम्पोझिटवरच आवडतो. ट्यूब ८०० टीव्ही लाइन्सची (म्हणजे किती बारीक तपशील दाखवते त्याचं माप) असल्याने जुन्या कन्सोलच्या २४०पी चित्रातल्या दोन ओळींमधली काळी फट अगदी कोरल्यासारखी दिसते, काहींना ती जास्तच टोकदार वाटेल, त्यांनी ६०० वाला मॉनिटर बघावा. स्क्रीनवर नेम धरायच्या खेळण्यातल्या बंदुकीचे, म्हणजे लाइट गनचे गेम पण चालतात, जे फ्लॅटवर चालतच नाहीत.

पांढऱ्या स्क्रीनवर बारीक आडव्या सावल्या दिसल्या तर घाबरू नका, ट्रिनिट्रॉनची (सोनीची ही ट्यूब) आतली जाळी स्थिर ठेवणाऱ्या तारा आहेत त्या, प्रत्येकात असतात. स्पीकर फक्त नावाला आहे, आवाज वेगळा काढा. मागे बीएनसी (फिरवून अडकवायचे स्टुडिओतले) सॉकेट आहेत, साध्या आरसीए केबलला अ‍ॅडॉप्टर लागतील, ते आधीच आणून ठेवा.

घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा कन्सोल नेऊन अर्धा तास चालवून बघा, गरम झाल्यावर रंग सरकतात का, चौकटींच्या पॅटर्नवर कोपऱ्यात लाल-निळं फाकतं का, पूर्ण काळ्या स्क्रीनवर राखाडी झाक राहते का ते पाहा. कुरियरने मागवू नका, माझा आधीचा एक मॉनिटर पॅकिंग नीट नव्हतं म्हणून मान तुटलेल्या ट्यूबसकट आला. मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात. आणि उचलायला दोघं जा, वजन तीस किलोच्या आसपास आहे आणि बहुतेक सगळं पुढच्या काचेत आहे, तेव्हा स्क्रीन छातीकडे करून धरा.