बर्फाच्या कारखान्यातली पेटी : रास्पबेरी पाय ४ की बीगलबोन ब्लॅक?

कारखान्यातील मीटर आणि सेन्सर यांची मोजमापे गोळा करून पुढे पाठवणारी छोटी पेटी तयार करायची ठरली, की आमच्यासारख्या लहान अभियांत्रिकी कंपनीत चर्चा फिरून फिरून रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसता ‘पाय’) आणि बीगलबोन ब्लॅक या तळहाताएवढ्या दोन संगणक-बोर्डांवर येते. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आम्ही दोन्ही वापरले आहेत. दोहोंचा वेग, मेमरी आणि पोर्ट वाचकांना ठाऊक असतीलच, त्यामुळे ते आकडे येथे पुन्हा मांडत नाही. आमच्या पेट्या कुटबण जेटीजवळच्या एका बर्फ कारखान्यात आहेत आणि पुढचे सारे त्याच अनुभवावरून लिहिले आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

तेथे पेटीचे काम तसे साधेच असते. ब्राइनच्या (बर्फ गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या) टाकीचे तापमान, कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब आणि विजेच्या मीटरचे आकडे आरएस-४८५ या तारजोडणीवरून मॉडबस या यंत्रांच्या संदेशपद्धतीने वाचायचे, साठवायचे आणि दर मिनिटाला पाठवायचे. या कामाला दोन्ही बोर्ड पुरून उरतात. त्रास होतो तो परिसराचा. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, अमोनियाची थोडीशी गळतीसुद्धा तांब्याला बाधते आणि पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात कारखाना निवांत असतो, म्हणून आम्ही बदल तेव्हाच करतो. १ ऑगस्टपासून ट्रॉलर निघतात आणि बर्फाच्या लाद्यांसाठी रांग लागते. त्यानंतर कोणाला पेटीकडे पाहायलाही सवड नसते.

पहिली पेटी रास्पबेरी पायची केली आणि त्या वेळी तो निर्णय योग्यच वाटला होता. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या हाताखालून पाय आधीच गेलेला असतो, त्यामुळे त्यांना शिकवण्यात दिवस जात नाहीत. बहुतेक अडचणींचे उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले सापडते. खरेदी विभागालाही तो आवडतो, कारण २०२१-२२ मधल्या टंचाईचा काळ सोडला तर तो सहज मिळतो आणि आमच्या बिलांवरून पाहता बीगलबोनपेक्षा स्वस्त पडतो.

वीज गेल्यावर एसडी कार्ड बिघडते ही पायविषयीची नेहमीची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. परंतु केवळ तेवढ्यासाठी मी त्याला नाकारले नसते. मूळ फाइल सिस्टिमवर ओव्हरले चालू करण्याची, म्हणजे बदल कार्डावर न लिहिता तात्पुरते मेमरीत ठेवण्याची, सोय त्याच्या सेटिंग्जमध्येच आहे. आम्ही ती वापरली आणि मोजमापे साठवण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह लावला. बीगलबोनवर ईएमएमसी (साठवणीची चिप) बोर्डालाच जोडलेली असल्यामुळे कार्डाच्या खाचेतील संपर्क गंजण्याचा प्रश्न उरत नाही, हे खरे आहे. तरीही अवेळी वीज गेली तर तिच्यावरची फाइल सिस्टिमही बिघडू शकते, त्यामुळे या मुद्द्यावर फार ताणू नये असे मला वाटते.

माझे मत फिरले ते एका केबलमुळे. बंदी उठून तीनच दिवस झाले होते. रात्री दोनदा वीज गेली आणि सकाळी पेटी गप्प झाली. ऑपरेटरने फोनवर सांगितले की लाल दिवा पेटलेला आहे, हिरवा मात्र काही करत नाही. मी लॅपटॉप, नेटवर्क केबल आणि राखीव कार्ड घेऊन मडगावमार्गे कुटबणला गेलो. नेटवर्कवर बोर्ड दिसेना. सिरियल कन्सोल (बोर्डाचे संदेश तारेने थेट लॅपटॉपवर दाखवणारी सोय) घ्यावा तर त्याच्या दोन पिना आरएस-४८५ च्या हॅटने (वर बसवलेल्या जोडबोर्डाने) अडवलेल्या होत्या. उरला मॉनिटर. कारखान्याच्या कार्यालयात बिले करणाऱ्या कारकुनाने नाराजीनेच आपला मॉनिटर उचलू दिला आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मायक्रो-एचडीएमआयची केबल वेर्ण्याला लॅबच्या खणातच राहिली आहे. मडगावात एका दुकानदाराने ‘हीच ती’ असे छातीठोकपणे सांगून दिलेली केबल मिनी-एचडीएमआयची निघाली. कारकुनाला त्याचा मॉनिटर परत केला आणि दिवस तेथेच संपला.

दुसऱ्या दिवशी योग्य केबल घेऊन गेलो, तेव्हा पडद्यावर दोन ओळी होत्या : बोर्ड इमर्जन्सी मोडमध्ये थांबला होता आणि रूट खाते कुलूपबंद असल्याने कन्सोलही देत नव्हता. पेन ड्राइव्ह खाऱ्या हवेने दगावला होता आणि एफएसटॅबमधील (सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे त्या यादीतील) त्याच्या ओळीत ‘नोफेल’, म्हणजे ‘हा नसला तरी थांबू नकोस’, हा शब्द लिहायला मी विसरलो होतो. चूक सर्वस्वी माझी होती, पायची नव्हे. परंतु एका शब्दाची चूक दिसायलाच दीड दिवस गेला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

बीगलबोनवर सिरियल कन्सोलसाठी जे-१ हा सहा पिनांचा वेगळा हेडर (पिनांची रांग) आहे. तो विस्ताराच्या ९२ पिनांपैकी एकही अडवत नाही आणि मूळ इमेजमध्ये (बोर्डासोबतच्या प्रणालीत) आधीपासूनच चालू असतो. साधी यूएसबी-टीटीएल वायर लावली, की यू-बूट या बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून लॉगिनपर्यंत सारे लॅपटॉपवर वाचता येते. नेहमीच्या तपासणीला तर तेही लागत नाही : मिनी-यूएसबी केबल जोडली की बोर्ड १९२.१६८.७.२ या पत्त्यावर उत्तर देतो. शिवाय त्याच्या चार निळ्या दिव्यांपैकी एक हृदयाच्या ठोक्यासारखा उघडमीट करतो. ‘निळा दिवा धडधडतो का?’ एवढे फोनवर विचारले, तरी कर्नल (प्रणालीचा गाभा) जिवंत आहे की नाही हे वेर्ण्यात बसून कळते आणि गाडी काढावी की नाही हे ठरवता येते.

न्यायाने सांगायचे तर पायवरही हे जमू शकते. पाय ४ वर जादा यूएआरटी (सिरियल जोडण्या) आहेत. आरएस-४८५ दुसरीकडे वळवून कन्सोलच्या पिना मोकळ्या ठेवता आल्या असत्या. मात्र ते आधी सुचावे लागते आणि चालूही करावे लागते.

बीगलबोन निर्दोष आहे असे नाही. वीज परत आल्यावर इथरनेटची चिप कधी कधी ओळखली जात नाही आणि बोर्ड पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. आमच्याकडे असे दोनदा घडले. कन्सोलमुळे कारण पाच मिनिटांत समजले, पण फेरी चुकली नाही. अॅनालॉग इनपुट हातासरशी मिळतात, तथापि ते १.८ व्होल्टपुरतेच आहेत आणि घाईत ३.३ व्होल्ट दिले तर बोर्ड गमावण्याची वेळ येते. ५१२ एमबी मेमरीत डेटाबेस आणि नोड-रेड (मोजमापांचा प्रवाह जोडण्याचे सॉफ्टवेअर) एकत्र चालवायला गेलो, तेव्हा तो धापा टाकू लागला. कारखान्याला जागेवरच रंगीत आलेख किंवा कॅमेरा हवा असेल, तर पाय घ्यावा. तेथे मी वाद घालणार नाही. पेटी आपल्याच इमारतीत असेल आणि मॉनिटर शेजारच्या टेबलावर असेल, तर माझी तक्रार कोणालाही क्षुल्लक वाटेल.

यंदाच्या बंदीत कुटबणच्या चार पेट्यांपैकी तीन पेट्यांत बीगलबोन बसवले आणि प्रत्येकीच्या झाकणाला आतून एक यूएसबी-टीटीएल वायर व एक मिनी-यूएसबी केबल पट्टीने बांधून ठेवली. चौथ्या पेटीला लाद्या मोजणारा कॅमेरा असल्यामुळे तिच्यात पायच राहू दिला आहे. तिच्या झाकणात मात्र आता मायक्रो-एचडीएमआयची केबल असते.